उभ्याने पाणी पिणाऱ्या अक्का

अक्का कोणाच्या घरी बसत नसत. खाट पुढे ओढली, सतरंजी अंथरली, खुर्ची दिली, तरी त्या उभ्याच. पाणी उभ्याने, चहा उभ्याने, बोलणेही उभ्याने. एका खांद्याला निळी पेटी, दुसऱ्या हातात चपला. अंगणात पाय ठेवण्यापूर्वी चपला काढत आणि निघताना शोधाव्या लागू नयेत म्हणून हातातच ठेवत. 'माले बसाले येळ नही,' हे त्यांचे वाक्य धरणगावापासून एरंडोलपर्यंतच्या खेड्यांत लहान मुलेही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीत.

त्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी समुपदेशक होत्या. हा शब्द कोणी उच्चारत नसे. गर्भवती बायकांचे रक्त त्या तपासायला नेत, म्हणून गावाने नाव ठेवले होते रगतवाली अक्का. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात त्यांची खोली होती. त्या खोलीच्या दाराशी उभा असलेला माणूस हमखास वेगळ्याच दिशेला पाहत असे. गुप्तरोगाची खोली, असे लोक हलक्या आवाजात म्हणत. अक्का मात्र तेथे हलक्या आवाजात बोलत नसत. कापसाचा भाव विचारावा त्या सुरात त्या माणसाला विचारत, 'जोडीदार कोठे शे?'

माणूस गडबडला की पुढचे वाक्य ठरलेले. 'एकला उना ते अर्धा उना. एकटा आला तो अर्धाच आला. सत्यनारायणाला जोडीनं बसता ना? मग सुईलाही जोडीनं या. एकाला बरं करायचं आणि दुसऱ्यानं त्याला परत द्यायचं, असा धंदा मी करत नाही.'

मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्तीला वर्ष राहिले होते. अक्का माझ्याकडे आल्या आणि पालकसभेत अर्धा तास मागितला. विषय विचारला. त्या म्हणाल्या, 'सिफिलिस. आपले लोक गरमी म्हणतात.' मी सांगितले, शाळेच्या आवारात हा विषय नको. त्यांनी वाद घातला नाही. रीत म्हणून मी खुर्ची दाखवली. त्या हसल्या.

'राहू द्या, गुरुजी. मी बसले की लोक नंतर खाट धुतात, कप वेगळा ठेवतात. उगाच बाईमाणसाचं काम वाढतं.'

सभा संपल्यावर फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली त्यांनी पालकांना गाठले. फाटकाबाहेर माझा अधिकार चालत नव्हता. माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला होती. खिडकी लावून घ्यायला मी उठलो आणि लावली नाही.

'तिथं एक फोड येतो,' अक्का सांगत होत्या. 'दुखत नाही. खाजत नाही. बाईला तर आत असतो, दिसतही नाही. नाव गरमी, म्हणून तुम्ही थंड शोधता. सब्जा पिता, ताक पिता. काही आठवड्यांत फोड आपला आपण जातो आणि नाव ताकाचं होतं. गेला तो फोड, दादा. आजार नाही गेला. पुढं तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं काही नाही. रक्तात दबा धरून बसतो. कोणाच्या डोळ्यांवर जातो, कोणाच्या मेंदूवर, हृदयावर. बाई पोटुशी असली तर पोटातल्या बाळावर.'

एक म्हातारे आजोबा म्हणाले, 'बाई, हे सगळं संडासातून होतं म्हणतात.'

'संडासाला नावं ठेवू नका, आबा. संडासातून नाही, कपातून नाही, खाटेवरून नाही. होतो तो संबंधातून. आणि आईकडून बाळाला.' मागे उभे असलेले दोन ट्रकचालक खुसखुसले. अक्का त्यांच्याकडे वळल्या. 'हसा. पण निरोध वापरा आणि रक्त दाखवा. पेनिसिलिनच्या सुईनं हा बरा होतो. एवढा वाईट आजार आणि एवढं साधं औषध, असं दुसरं मला माहीत नाही. मात्र एकदा बरं झालं म्हणजे कवच मिळालं असं नाही. पुन्हा गेलात तर पुन्हा होईल.'

हे सर्व मी ऐकले होते. अज्ञानाची सबब मला नाही, म्हणून येथे लिहिले.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. माझा मुलगा दिलीप जिनिंगमधल्या रुईच्या गाठी ट्रकने गुजरातेत नेत असे. त्याच्या लग्नाला वर्ष झाले होते आणि सूनबाईंना सातवा महिना लागत होता. त्यांचे माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने ओटी भरून वडील त्यांना घेऊन गेले. जाण्यापूर्वी रुग्णालयात त्यांचे रक्त घेतले होते. निकाल यायचा होता. आमच्यापैकी कोणाच्या तो लक्षातही राहिला नाही.

चार दिवसांनी माझा फोन वाजला. केसपेपरवर माझाच क्रमांक होता. 'गुरुजी, मी अक्का. सूनबाईंना फोन देता का?' नाहीत म्हणालो. 'मग दिलीपभाऊंचा नंबर द्या.' कशासाठी, विचारले. 'ते त्यांनाच सांगेन.' मी फोन ठेवला. अक्का कोणत्या खोलीत बसतात, नव्हे उभ्या राहतात, ते मला ठाऊक होते. पुढचे तीन फोन मी कापले. त्या दिवशी मी अंगणात किती येरझारा घातल्या, ते आठवत नाही. पत्नीला एक वाक्य बोललो ते आठवते. 'माहेराहून काय घेऊन आली होती कोण जाणे.' पत्नीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वेळी अक्का दारात उभ्या. धरणगावाहून येणारी एसटी फाट्यावर सोडते. तेथून त्या चालत आल्या होत्या.

'सूनबाई कोणत्या गावी गेल्या, गुरुजी?'

'लांब. बाळंत होऊन येतील.'

'रक्त परत बघायचं शे.'

'आमच्या घरात असले काही नसते.'

'असलं म्हणजे कसलं? मी तर कशाचं नाव घेतलं नाही.' त्यांनी पदराने मान पुसली. 'कारण तुम्हाला सांगणार नाही. रक्त त्यांचं, गोष्ट त्यांची. तुम्ही फक्त गावाचं नाव सांगा. दिवस कमी आहेत, एवढंच सांगते.'

गाव सांगितले नाही. त्यांनी पाणी मागितले. मी आत वळून पत्नीला म्हणालो, 'घरातला पेला देऊ नकोस. वेगळे भांडे दे.' आवाज खाली ठेवला नव्हता. अक्कांनी ऐकले असणार.

पत्नी मांडणीकडे गेली. थोडा वेळ लागला. मग तिने एक कोरा तांब्या आणला. अक्का उभ्याने पाणी प्याल्या. तांब्या हातात धरून थोडा वेळ थांबल्या. मग तो ओट्यावर नीट ठेवला आणि म्हणाल्या, 'येते, वहिनी. पाणी गोड शे.' फाट्याकडे गेल्या त्या जवळजवळ धावतच.

त्यानंतरचे आठ दिवस कसेबसे गेले. माझे वर्तमानपत्र वाचून होईना. फोन वाजला की मी दचके, न वाजला तरी उठून पाही. नवव्या दिवशी दिलीप फेरीवरून आला. आत न येता चौकटीशी उभा राहिला.

'नाना, गुरुवारी मी गाडीवर जाणार नाही.'

'का?'

'दवाखाना. सुई घ्यायची आहे. पहिली काल झाली, अजून दोन राहिल्या.' तो जमिनीकडे पाहत होता. 'अक्का जिनिंगच्या फाटकावर उभ्या होत्या. गाडी आत घेऊ देईनात. लग्नाच्या आधी मला एक फोड आला होता. दुखला नाही. आपोआप गेला. मी समजलो, संपलं.'

'लग्नाच्या आधी?'

'हो. तिला माझ्याकडून गेलं. तिचीही पहिली सुई तिकडे झाली. अक्का साक्रीला गेल्या होत्या. तिथल्या सिस्टरशी बोलून सगळं लावून आल्या. बाळंतपणाच्या महिनाभर आधी तिन्ही सुया झाल्या की बाळ वाचतं म्हणतात. अक्का पोचल्या म्हणून वेळ मिळाला. तिनंच मला सांगितलं, नानांपासून लपवू नका.'

मी विचारले, 'अक्कांना गाव कोणी सांगितले?'

'तांब्यावर होतं म्हणे.'

मी आत गेलो. तांब्या मांडणीवर होता. लग्नात सूनबाईंना आलेल्या भांड्यांपैकी. काठाखाली बारीक अक्षरांत वडिलांचे नाव, गाव, तालुका साक्री. पत्नी तांदूळ निवडत होती. आमच्या घरात कोरी भांडी पुष्कळ होती आणि बहुतेकांवर काहीही लिहिलेले नव्हते.

ती सुपातून नजर न काढता म्हणाली, 'वेगळं भांडं दे म्हणालात. दिलं.'

पुढच्या गुरुवारी मी दिलीपबरोबर गेलो. अक्कांनी मला पाहिले. 'गुरुजी, तुम्ही कशाला? रक्त घेऊ का तुमचं?' मी म्हणालो, सोबत आलो. सुई झाल्यावर काही त्रास होतो का ते पाहायला अर्धा तास थांबवून ठेवत. तेवढा वेळ त्यांनी दिलीपला बाकावर बसवले आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. 'दोन दिवस सीटवर उशी घे, भाऊ. आणि दोघांच्या सुया पुऱ्या होऊन मी सांगेपर्यंत साक्रीला नुसता फोन कर.' दिलीप अनेक दिवसांनी हसला. बाहेर पडताना मी कोणाची चूक, कोणाचा दोष, असे काही बोलू लागलो. त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. 'रक्त एवढंच सांगतं, गुरुजी, आजार शे का नही. कोणी आणला ते सांगत नही. मीही विचारत नाही.'

धुळ्याला नातू झाला. त्याचेही रक्त तपासले, डॉक्टरांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. बाळाला काही नव्हते. सूनबाई घरी आल्या त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, 'तुमच्याविषयी मी वाईट बोललो होतो.' त्या म्हणाल्या, 'मला ठाऊक नाही, नाना.' त्यांना ठाऊक होते, असे मला वाटते.

नातू तीन महिन्यांचा असताना अक्का पुन्हा आल्या, रक्ताची फेरतपासणी ठरवायला. मी स्वतः खुर्ची आणली, उपरण्याने पुसली. पत्नीने घरातल्या पेल्यात पाणी आणले. त्यांनी ते घेतले, बाळाचा तळपाय उलटा करून पाहिला, तळहात पाहिले, त्याच्या गालाला बोट लावले. खुर्चीकडे पाहिले.

'माले बसाले येळ नही, गुरुजी. अजून दोन घरं शिल्लक.'

खरेच वेळ नव्हता की त्यांना तो तांब्या आठवत होता, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

पुढे त्यांचे काम नंदुरबारच्या बाजूला गेले. मागच्या वर्षी दिलीपने बातमी आणली. सकाळच्या एसटीत, बसल्या जागी, त्यांचे हृदय थांबले होते. थांबा आला तरी त्या उठल्या नाहीत, तेव्हा कंडक्टरच्या लक्षात आले. निळी पेटी मांडीवर होती.

नातू आता शाळेत जातो. तो तांब्या आम्ही रोज वापरतो. मुख्याध्यापक बदलले आहेत. पालकसभेत अर्धा तास मिळावा म्हणून मी दोनदा अर्ज केला. दुसऱ्या खेपेस मिळाला. मी उभ्यानेच बोललो. अक्कांसारखे सहज जमले नाही, पण फोड आपोआप गेला म्हणजे आजार गेला असे नाही, हे सांगितले, आणि जोडीने जा, हे सांगितले.

दारात कोणी येऊन उभ्याने पाणी मागितले की मला अजून बसवत नाही.