बार्सिलोनाचा शनिवार

ओमेर म्हणजे बेल्जियममधल्या गेंटजवळच्या एका गावातला अट्टल कबुतरवेडा. बार्सिलोना ते त्याचं छप्पर एक हजार ऐंशी किलोमीटर. विमानाला दोन तास, शर्यतीच्या कबुतराला वाऱ्यानं साथ दिली तर दीड दिवस. हे गणित त्याला झोपेतून उठवून विचारा. संसाराचं गणित मात्र पठ्ठ्याला कधी जमलं नाही.

चार वर्षांपूर्वी लेकीचं, वेर्लेचं, लग्न बार्सिलोनातच लागलं. नेमकी त्याच शनिवारी याची कबुतरं वर्षाच्या मोठ्या शर्यतीत तिथून घरी परतायची होती. "अरे मेल्या, दोन तासांत पोचशील!" म्हणून बायको, गोडेलीव्ह, रडली, ओरडली, शेवटी एकटीच विमानात बसली. हा अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसला. तेव्हापासून वेर्लेनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

आज पुन्हा बार्सिलोनाचा शनिवार.

"वेर्ले येतेय, पोराला घेऊन," सकाळीच गोडेलीव्हनं बजावलं. "मी हातापाया पडून बोलावलंय तिला. आज तिला दारात ताटकळत ठेवलंस ना, तर ती परत यायची नाही, आणि नातवाचं तोंडही दिसायचं नाही तुला. ऐकतोयस ना?"

"तिचं विमान संध्याकाळी. निळी दुपारीच येते बघ," ओमेर म्हणाला. निळी म्हणजे त्याची लाडकी कबुतरी.

कसली दुपारी! वारा उलटा फिरला. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे दोरीवरचे कपडे काढले, कुत्री कोंडली. पक्षी दचकला की खुराड्यात शिरत नाही, आणि खुराड्याच्या फळीवर पाय टेकल्याशिवाय वेळेची नोंद होत नाही. गावात अजून एकही कबुतर परतलं नव्हतं. उभ्या आयुष्यात न मिळालेला पहिला नंबर समोर दिसत होता.

संध्याकाळी दोघी एकदमच आल्या. निळी कौलांवर उतरली आणि फाटकाशी टॅक्सी थांबली. वेर्लेच्या कडेवर पोर. कडीला हात घालताना तिची नजर छपरावर गेली आणि ती जागीच थिजली. याच घरात वाढलेली ती. तिला कुणी सांगायला नको होतं.

"ये गं राणी, ये," ओमेर पुटपुटला. हे लेकीला नाही, निळीला बरं का! स्वयंपाकघराच्या खिडकीत गोडेलीव्ह दातओठ खात उभी होती.

निळी एक पाऊल पुढे, दोन मागे. पोर कंटाळलं, चुळबुळलं, त्यानं ओठ काढले. आता रडणार, तोच वेर्लेनं त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.

ओमेरनं ते पाहिलं. लहानपणी तिच्या तोंडावर असाच हात कोण दाबायचं? हाच की!

तो ताडकन उठला. खुर्ची धाडकन पडली आणि निळी फडफडत चर्चच्या मनोऱ्याकडे उडाली.

"अगं, काढ तो हात!" फाटकाकडे धावत तो ओरडला. "रडू दे त्याला! हवं तेवढं रडू दे!"

वेर्लेनं हात काढला. पोरानं असं भोकाड पसरलं की गल्लीतली कोंडलेली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. घाईघाईत ओमेरला फाटकाची कडी काही लवकर निघेना.

"बाबा, अरे तुझी निळी..."

"गेली चुलीत," ओमेर म्हणाला. "तू आत ये."