फितूर हात

स्वतःच्याच हाताला घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. तसे ते दुसऱ्या कशालाच घाबरत नसत. गोदावरीला पूर आला की लोक मागे सरकत, मामा चपला हातात घेऊन पुढे जात. घरच्या लग्नात कुणी रुसलं की समजूत काढायला हौसेने मामाच उठत, आणि मग ते भांडण पुढची चार लग्नं पुरत असे. अंबडच्या एका कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी त्या मशीनने त्यांच्या डाव्या हाताची बोटं नेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं अर्धं बोट तेवढं मागे राहिलं. नोकरी गेली, अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली, आणि नव्या पाहुण्याशी मुद्दाम त्याच हाताने शेकहँड करायची मामांना सवय लागली. पाहुणा दचकला की म्हणत, "भिऊ नका, बाकीची घरी ठेवलीत."

त्या दीड बोटाने मामा काय करत नसत ते विचारावं. सायकलचे दोन्ही ब्रेक त्यांनी उजवीकडे घेतले होते, पण घंटी मुद्दाम डावीकडेच ठेवली होती आणि रस्ता मोकळा असला तरी ती वाजवत जात. गल्लीतल्या बायका सुईत दोरा ओवून घ्यायला त्यांच्याकडे येत. मखमलाबादकडच्या, फुलं पिकवणाऱ्या माळ्यांच्या घरातले ते. शेत भावांत वाटलं जाऊन अंगणाएवढं उरलं होतं, म्हणून मामा बाजारातून फुलं आणून ओट्यावर हार करून विकत. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, उजव्या हातात फूल, आणि ते अर्धं बोट दोऱ्याचा फास असा टाकायचं की बघणाऱ्याला कळायच्या आत गाठ बसलेली असायची. मामांची नजर तेव्हा रस्त्यावर, कोण कुठे चाललं आहे याची चौकशी करत. माझं लग्न झाल्यापासून दसऱ्याला माझ्या स्कूटरचा हार तेच करत. "जावयाच्या गाडीला इकतचा हार नाय घालायचा," असा त्यांचा नियम होता. तो हार दिवाळीपर्यंत वाळून खडखड वाजायचा, पण त्यातलं एक फूल गळायचं नाही. हे ते मला दर दिवाळीला स्वतः येऊन दाखवत.

आणि मग एका सकाळी सलूनमध्ये दाढीचा साबण तोंडावर असताना कुणीतरी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. अपंगांची नव्याने तपासणी होणार, ज्यांना काम करता येतं त्यांची पेन्शन बंद होणार. बातमीत 'होणार' होतं की नुसता 'विचार' होता, हे नंतर कुणालाच आठवेना. मामा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. मामींना दमा होता. त्यांची औषधं, किराणा, सगळं त्या पेन्शनवर चाले. फुलांचा धंदा सणासुदीपुरता, पौषात ओट्यावर माशी फिरकत नसे. पेन्शन गेली तर मामींचं औषध कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

गल्लीने त्या बातमीत आपापली भर घातली. ऑफिसची माणसं साध्या कपड्यांत फिरतात, गिऱ्हाईक म्हणून येतात, असं कुणी सांगितलं. दोन दिवसांनी एक अनोळखी गृहस्थ हार घ्यायला आले आणि सहज कौतुकाने म्हणाले, "एवढ्याशा बोटाने कसं काय जमतं हो तुम्हाला?" मामांच्या हातातला हार खाली पडला. "मला कुठं जमतंय," ते म्हणाले, "बायको करती. मी आपला बसतो इथं." गृहस्थ गेले. मामांनी मामींच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तो हात मनगटापासून गच्च बांधला आणि गळ्यात अडकवला. त्या दिवसापासून ओट्यावर मामी बसू लागल्या. झेंडूच्या वासाने त्यांना धाप लागे. दोन हार झाले की त्या आत जाऊन भिंतीला टेकत, आणि मामा बांधलेला हात पोटाशी धरून नुसते बघत.

मग तालमी सुरू झाल्या. मी गेलो की मामा स्टुलावर बसत आणि म्हणत, "जावईबापू, तुम्ही डॉक्टर व्हा." मी खोटा चष्मा सरळ करून सांगायचो, कप उचला. मामा पट्टी सोडून कप उचलायचे आणि ठरल्याप्रमाणे पाडायचे. असा एक अख्खा सेट संपल्यावर मामींनी हातात स्टीलचा पेला दिला. कधी ते मामींना भरवायला लावत आणि त्या मीठ विसरल्या की डॉक्टरसमोरच भांडायला उठत. पण एकदा तालीम अगदी रंगात आली असताना मामींच्या मांडीवरून दोऱ्याचं रीळ घरंगळलं, आणि तो दुबळा, निकामी हात झेपावून गेला. रीळ जमिनीला टेकायच्या आत दोरा अर्ध्या बोटात होता. मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी तो हात गुडघ्यावर ठेवला आणि परक्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिले.

"हा फितूर हाय," ते म्हणाले. "माझं खातो आन् त्यांना सामील हाय."

त्यानंतर पट्टी आणखी आवळली गेली. ती आंघोळीपुरतीसुद्धा सुटत नसे, वर प्लास्टिकची पिशवी बांधत. पोस्टमन गल्लीत शिरला की मामा मोरीत जाऊन उभे राहत. शेकहँड बंद झाला, सायकल भिंतीला लागली, तिच्या घंटीवर गंज चढला. मामांशिवाय झालेलं पहिलं लग्न फारच शांतपणे पार पडलं, आणि जेवताना सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटलं. एक दसरा तसाच गेला. माझ्या गाडीला मी बाजारातून हार आणला, आणि मामांकडे गेलो तेव्हा गाडी लांब लावली.

पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतःच पेन्शनच्या ऑफिसात जाऊन विचारलं. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, जुन्या लोकांसाठी असं काही आलेलं नाही. नुसत्या बोलण्यावर लोक वर्षभर येऊन विचारताहेत." मी पेढे घेऊन मामांकडे गेलो. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "सोडा आता ती चिंधी." मामांनी ती दाताने सोडली. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली. ते थेट ओट्यावर जाऊन बसले, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला, फूल घेतलं.

अर्धं बोट वाकेना. त्यांनी दुसऱ्या हाताने ते दाबून वाकवलं, सोडलं की पुन्हा सरळ. दोरा घसरला. परत लावला, परत घसरला. मामी तेलाची वाटी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "आता बोलवा म्हणावं त्यांना, जावईबापू. आता मी पास हाय."

रोज तेल लावूनही ते बोट फारसं परतलं नाही. तरी त्या दसऱ्याला त्यांचा निरोप आला, गाडी घेऊन या. हार त्यांनी एकट्याने केला होता, मामींना हात लावू दिला नव्हता. दोन दिवस बसले होते म्हणे. हँडलला हार घालून त्यांनी नेहमीसारखा तो ओढून बघायला हात पुढे केला आणि मग न ओढताच मागे घेतला. "सावकाश जा," म्हणाले. मी सावकाशच गेलो. तरी पहिल्या वळणावर एक झेंडू सुटला, पुलावर आणखी काही, आणि आरशात मला ते मागे रस्त्यावर पडलेले दिसत राहिले. घरी पोचलो तेव्हा हँडलला फुलांपेक्षा दोराच जास्त होता. बायको तो सोडायला गेली, तर मी तिला राहू दे म्हणालो. दिवाळीपर्यंत तो तसाच होता, पण या वेळी मामा बघायला आले नाहीत.