शेवटच्या सीटपर्यंत

बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्यापासून परदेशातलं आमचं ओजिमाचं घर मला खायला उठायचं. म्हणून रविवारी मी जुन्या बस बघत हिंडायचो. एखादी घ्यावी, आत पलंग आणि शेगडी बसवावी आणि एका जागी थांबूच नये, एवढंच डोक्यात होतं.

जवळच्या चिबातल्या एका गाडीबाजारात एक बाई दिसल्या. साठीच्या असतील. मांजराचे कान लावलेली बालवाडीची पिवळी बस त्यांनी माझ्या आधीच पसंत केली होती. पायरीशी बूट काढून त्या आत चढल्या. इवल्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या, लगेच उठल्या, दुसरीवर बसल्या. त्यांना कुठेच चैन नव्हतं. मलाही नव्हतं.

विक्रेत्यानं इंजिन बंद केलं आणि भोंगा किंचाळायला लागला. एखादं मूल आत झोपून राहू नये म्हणून ड्रायव्हरनं शेवटच्या सीटपर्यंत बघत जायचं आणि तिथलं बटण दाबायचं, तेव्हाच तो थांबतो.

"हा काढून देतो!" विक्रेता ओरडून म्हणाला.

"नको, राहू द्या," बाई म्हणाल्या. "घरी आता मला कुणीच काही विचारत नाही. हा तरी रोज विचारेल, सगळे उतरले का म्हणून."

मग प्रत्येक खुर्चीखाली वाकून बघत त्या मागे गेल्या. बस रिकामी आहे हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मी बस न घेताच परतलो. घरात दिवे लावत शेवटच्या खोलीपर्यंत गेलो. मुलगी गेल्यापासून बंद असलेलं तिचं दार उघडलं आणि पलंगाखालीही वाकून बघितलं.