टेलरमास्तरांचा वळसा

टेबलावर छोटी रेल्वे चालवणाऱ्या आमच्या हौशी मंडळात मी झाडं रंगवतो. विजेतलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे हे मी लिहावं की नाही, कोण जाणे. पण त्या शनिवारी मी टेबलापासून दोन हातांवर उभा होतो. पाहिलं तेवढं सांगतो.

मास्तरांचा जन्म शिवणयंत्रावर गेला. दुकान मुलीकडे सोपवून ते मंडळात आले, तर आम्ही त्यांना डोंगरांवर हिरवं कापड चढवायला बसवलं. एकदा आमचे अध्यक्ष वैतागून बोलत होते. ते निवृत्त इंजिनियर, सगळे त्यांना साहेब म्हणतात. "शेवटी रूळ गोल फिरवून त्याच मार्गाला परत जोडला की गाडी तोंड फिरवून येते. पण हा वळसा काही जमत नाही. गाडी फिरून, रूळ मार्गाला मिळतो त्या सांध्यापाशी आली की शॉर्ट सर्किट!"

डोंगरामागून आवाज आला, "मी बघू का?"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी शनिवारी चारची मुदत दिली. जमलं नाही तर वळसा उखडायचा, आणि मास्तरांनी पुन्हा तारेला हात लावायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी डाव्या रुळालगत लाल दोरा अंथरला, उजव्यालगत काळा. दोन्ही दोरे वळसा फिरून सांध्यापाशी परत आले, तर लाल दोरा थेट काळ्यासमोर!

"बघा, पोस्टमन," ते मला म्हणाले. नोकरी सुटली तरी मी त्यांचा पोस्टमनच. "डावीकडची वीज फिरून उजवीकडच्या विजेला भिडते. दोघी भांडणार नाहीत तर काय?"

मग त्यांनी वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना बारीक करवतीने कापले. त्या फटींमुळे मधला तुकडा वेगळा झाला, त्याला तारा वेगळ्या. गाडी त्या तुकड्यात असताना एक खटका दाबायचा, की बाहेरच्या मार्गाची वीज उलटी होणार आणि सांधाही फिरणार. इतकं सोपं!

शनिवारी चारला सगळे जमले. दोऱ्याची रिळं शोधत वहिनीही आल्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. "घरात एक बटण लावायला यांना महिना लागतो, आणि इथे आगगाडीला शिवण घालतायत!"

सात डब्यांची गाडी निघाली. वळशात शिरली. मास्तरांचा अंगठा खटक्यावर. आणि गाडी खाडकन थांबली. शॉर्ट सर्किटचा लाल दिवा लागला.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "उचला रूळ."

मास्तर खाली वाकले. इंजिनाची चाकं पुढच्या फटीवर होती, आणि शेवटच्या डब्याची अजून मागच्या फटीवर. चाकं धातूची, त्यामुळे दोन्ही फटी एकदम जोडल्या गेल्या होत्या.

"अरे देवा! मी गाडीचं माप घेतलं आणि तुकडा अंगाबरोबर कापला!"

चाळीस वर्षं लोकांनी त्यांच्या फिटिंगचं कौतुक केलं, तेच आडवं आलं. खटका दाबायला क्षणभरही उसंत उरली नव्हती.

"सैल हवं होतं. साहेब, पंधरा मिनिटं द्या."

"चार ठरलं होतं, मास्तर."

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या लग्नातला कोट यांनी ऐन वेळी उसवून पुन्हा शिवला, तेव्हा नाही घड्याळ पाहिलंत."

साहेब हसू दाबत खुर्चीत बसले. "पंधरा. सोळावं नाही."

जुन्या फटी तारेने जोडून सोल्डर झाल्या. नव्या फटी दोन्हीकडे वीतभर सरकल्या, सांध्याजवळ. मी टॉर्च धरला होता आणि सारखा वळून घड्याळाकडे बघत होतो.

"पोस्टमन, उजेडाला नाचवू नका हो!"

चौदाव्या मिनिटाला गाडी पुन्हा सुटली. एक डबा आत, दोन, पाच... शेवटचा डबा फटीवरून पुढे सरकला आणि मी, चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, चक्क ओरडलो, "सगळी आत!"

खट्!

इंजिन पुढच्या फटीवरून गेलं. दिवा लागला नाही. गाडी तोंड फिरवून ऐटीत आमच्याकडे यायला लागली. हॉलमध्ये असा गलका झाला की वहिनींनी कानांवर हात ठेवले, आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मास्तर डोळे पुसतायत की चष्मा, मला नीट दिसलं नाही.

उखडायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही. साहेब उठून टेबलाजवळ आले. "मास्तर, तो खटका जरा मला द्या बघू."

गाडी पुन्हा वळशात सोडली. त्यांनी दाबला, पण उशिरा. गाडी थांबली, लाल दिवा लागला.

"साहेब, तुम्ही इंजिनाकडे बघताय," मास्तर म्हणाले. "शेपटीकडे बघा. पुन्हा."

साहेबांनी गाडी मागे घेतली, बाह्या वर सारल्या आणि शेवटच्या डब्यावर नजर रोखून विचारलं, "आता दाबू?"

"थांबा," मास्तर म्हणाले. "मी सांगतो."