अॅस्टरची रोपं

लातूरच्या अंगणात आपोआप उगवलेल्या रोपाला दसऱ्याच्या सुमारास जांभळी फुलं आली. लेकीनं मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं, "आई, हे अॅस्टर हाय."

कातरलेल्या कडांची ती पानं पाहून मला कंधार आठवलं. तिथं नवी सून असताना सासूबाईंनी लावलेली अशीच रोपं मी तण समजून उपटली होती. त्यांनी शेजारच्या कमळाबाईच्या शेळीवर आळ घेतला आणि कमळाबाईला लई बोलल्या.

"शेळी तर बांधलेली हाय, माय," एवढंच ती म्हणाली. मी आत तोंड मिटून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नळावर माझी घागर उचलून देत ती हळूच म्हणाली, "पाहिलं व्हतं मी. नवी नवरी हायस, म्हून बोलले न्हाई."

सासूबाई तिच्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. मी तेही होऊ दिलं.