‘दोन माणसांचं काम’, म्हणे

माझा नवरा माझ्याशी आयुष्यभर खोटं बोलला.

मला ते आज सकाळी कळलं. त्याला जाऊन आज वर्ष झालं, त्यामुळे जाब विचारायचीही सोय नाही.

तिथीप्रमाणे श्राद्ध मागेच झालं. गुरुजी आले, जेवले, गेले. आज नुसती तारीख. आणि आजच ग्वाल्हेरचा एक माणूस ट्रक घेऊन आमची गाडी न्यायला येणार होता.

गाडी म्हणजे आत्याबाई. माझ्याहून वयाने मोठी, काळी, गोल डोळ्यांची. बबिन्याच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबांकडून श्रीकांतने ती घेतली होती. नाव मी ठेवलं. खूप विनवण्या केल्याशिवाय घराबाहेर पडत नसे म्हणून.

ग्वाल्हेरवाल्याला ती लग्नाच्या फोटोंसाठी हवी होती. फोनवर म्हणाला, “मैडम, इंजन निकाल देंगे. वहाँ फूल भरेंगे.”

इंजिनाच्या जागी झेंडू.

मुलाचं म्हणणं, “मम्मी, दे दो न. खड़ी-खड़ी सड़ रही है.” अनिकेतला मराठी समजतं, भांडतो मात्र हिंदीत. गाडी इथे प्रेमनगरला, हा गुडगावला, आणि काय सडतंय ते त्याला तिथून दिसतं.

गिऱ्हाईक येईल म्हणून उन्हाळ्यात त्यानेच तिला रंग लावून घेतला. रंग चढला आणि आत्याबाईंनी मौन धरलं. नवी बॅटरी टाकली, तरी मौन.

इलाइट चौराह्याजवळचा मेकॅनिक येऊन गेला. “माताजी, सेल्फ जल गया. इतनी पुरानी गाड़ी का पार्ट अब कहाँ मिलेगा.”

“भैया, पहले बोनट तो खोलो.”

“खोलना क्या है, माताजी.”

मी त्याची माताजी नाही, हे मी त्याला सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं. पण गाडी सुरू झाली नाही ती नाहीच, आणि शेवटी मीच अनिकेतला शब्द देऊन बसले. बाबांच्या वर्षापर्यंत चालू झाली नाही, तर दे.

श्रीकांत असता तर आधी बघितलं असतं.

त्याची पद्धत ठरलेली. आत्याबाई गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या. मी ड्रायव्हरच्या सीटवर. हा बॉनेटमध्ये वाकलेला.

“हेडलाइट लाव. आता स्टार्टरचा नॉब ओढ. काय झालं?”

“तुझी बॅटरी मेली.”

“मत नको, नंदू. लाइटचं काय झालं ते सांग.”

“मंद झाले.”

लाइट तसेच राहिले, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही, मग स्विच बघायचा. मंद झाले, तर बॅटरी उतरलेली, नाहीतर तिच्या वायरींची पकड सैल. एवढंच शास्त्र.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला म्हणायच्या, स्पीक अप, आपलं मत मांडा. पुढे शाळेत शिकवताना मीही मुलांना तेच म्हणत आले. मत नको म्हणणारा एकच माणूस भेटला, आणि मी त्याच्याशी लग्न केलं.

दर रविवारी ऐन पोळ्यांच्या वेळी गॅरेजमधून हाक यायची. “नंदा, ये गं. दोन माणसांचं काम आहे.”

घरात सासूबाई, दीर, सांगलीहून आलेलं कोणी ना कोणी. त्यांच्यासमोर मी त्याला अहो म्हणायची, गॅरेजमध्ये अरे. सासूबाई माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायच्या. “जा बाई. तुझ्याशिवाय त्याचं अडतं.”

काम दोन मिनिटांचं. मग हा हात पुसून शेजारच्या सीटवर येऊन बसायचा आणि सीटखालून थर्मास काढायचा.

कुठेही न गेलेल्या गाडीत बसून आम्ही चहा प्यायचो. पुढच्या रविवारी एरचला जाऊ, बेतवेच्या काठी बसू, असले बेत करायचो. कधी कधी गेलोही.

आज सकाळी ट्रक यायच्या आधी मी एकटीच गॅरेजमध्ये गेले.

हेडलाइट लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले.

नॉब ओढला. टक् झालं आणि गोल विझल्यासारखे झाले. नॉब सोडला, परत आले.

मंद.

बॅटरी तर नवी. म्हणजे पकड.

बॉनेट उघडलं. बॅटरीची जाड पट्टी जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने बसते, नेमक्या त्या जागेवर रंगवाल्याने चकचकीत काळा रंग मारून वर पट्टी परत आवळली होती. रंगातून करंट जाणार कसा? बॅटरीवाला येऊन गेला, मेकॅनिक येऊन गेला, एकानेही वाकून बघितलं नाही.

श्रीकांतच्या पेटीतून पाना आणि पॉलिश पेपर काढला. खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं. साडी वाया गेली.

पट्टी आवळली, चोक ओढला, नॉब ओढला.

आत्याबाई खोकल्या, पुन्हा खोकल्या, आणि सुरू झाल्या.

सवयीने ओरडणार होते, “झाली रे.” हात अजून नॉबवरच होता.

नॉब ड्रायव्हरच्या हाताशी. भिंत ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. ओढायचं आणि बघायचं. एका माणसाचं काम आहे हे. आत्ताच मी केलं.

कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता हा. त्याला माहीत नव्हतं?

दोन माणसांचं काम, म्हणे.

किती तरी वेळ मी इंजिन चालू ठेवून बसून राहिले. पेट्रोल जळत होतं. जळू दिलं.

ट्रक आला तेव्हा आत्याबाई फाटकात उभ्या होत्या.

“मैडम, ये तो चालू है.”

“जी. फूल कहीं और भर लीजिए.”

अनिकेतला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, तेही मराठीत. “आई, तू केलंस?”

मग इलाइट चौराह्यापर्यंत एक चक्कर मारली. माताजीवाल्याच्या दुकानासमोर हॉर्न जरा जास्तच वेळ दाबला गेला.

शेजारची सीट रिकामी होती. थर्मास मात्र नेला होता.

श्रीकांत, या पोस्टखाली लोक नेहमीसारखे हात जोडलेले इमोजी टाकतील. तू मनावर घेऊ नकोस.

लाइट मंद झाले होते. आता नीट आहेत.

दिसलं तेवढं सांगितलं. मत भेटल्यावर ऐकवीन.