पाटीखालची ओळ

वर्ध्याच्या एका बागेत मालगाडीचं जुनं वाफेचं इंजिन ठेवलं आहे. रोज सकाळी रेल्वे कारखान्यातला एक म्हातारा फिटर येऊन बोटांच्या पेरांनी त्याचा बॉयलर ठोकून बघतो. एकदा मी इंजिनावरची पाटी मोठ्याने वाचली, "विलायती बनावटीचं इंजिन."

तो उसळला. "अर्धं खोटं हाये ते! याले भंगारात काढून राह्यले होते. आमी दुसरा बॉयलर बसवला, सिलिंडर बदलले. अशी कितीक इंजिनं आमी नव्यानं बांधली. मंग त्यायनं वर्षानुवर्षं कोळसा ओढला."

"पाटी लावणाऱ्या साहेबांना सांगा ना."

"तीनदा सांगतलं. आयकत नाईत."

त्याने खडूने पाटीखाली लिहिलं, 'दुसऱ्यांदा आम्ही बनवलं.'

रखवालदार धावत आला. "मी पुसून टाकीन!"

"पुसजो. मी उद्या लिहीन."

त्याला महिना झाला. अक्षरं रोज सकाळी ताजी असतात.